राळा : दाण्याचें आणि वैरणीचें पीक

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारांत राळे मागितले असतां दुकानदार बहुधा उलट विचारतो, "घरीं पक्षी पाळले आहेत काय ?" माणसानें खावयाचें धान्य म्हणून राळ्याची आठवण आतां थोड्यांनाच उरली आहे. देशावर कांहीं घरांतून भोगीच्या दिवशीं राळ्याचा भात करण्याची चाल अद्यापि आहे. परंतु वर्षांतील एका दिवसाच्या नैवेद्यावर कोणतेंहि पीक शेतांत टिकत नाहीं. वऱ्हाडचें मुख्य अन्न ज्वारी. राळा तिच्या बरोबरीस येथें कधींच नव्हता, व तो तसा व्हावा असें आमचें म्हणणेंहि नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्वारीच्या शेतांतून कपाशी आणि सोयाबीन शिरलें, त्याबरोबर गोठ्याशेजारची कडब्याची गंजीहि गेली. कुटार आहे खरें. पण नुसत्या कुटारावर बैलजोडीचें वर्ष निघत नाहीं, हें ज्याच्या दावणीस जनावर आहे त्यास सांगावयास नको. चैत्र-वैशाखांत कडबा विकत घ्यावा लागतो, आणि तो परवडेनासा झाला म्हणजे प्रथम गाय व मागाहून जोडी बाजाराची वाट धरते. अशा घरास एकरभर हलक्या जमिनींत ८० ते ९० दिवसांत थोडें धान्य व थोडी वैरण देणारें पीक उपयोगीं पडेल कीं नाहीं, इतकाच विचार येथें कर्तव्य आहे.

राळा, ज्यास संस्कृतांत कंगु व हिंदींत कांगणी म्हणतात, तें फार पुरातन धान्य. उत्तर चीनमध्यें पीत नदीच्या प्रदेशांत हजारों वर्षांपूर्वीं त्याची शेती होती. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांनीं त्यास क्षुद्रधान्यांत गणलें, तें दाण्याच्या लहानपणावरून, गुणावरून नव्हे. भारत सरकारनें एप्रिल २०१८ मध्यें ज्वारी-बाजरीसह राळ्यासहि 'पौष्टिक धान्य' असें नांव दिलें, आणि संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. मान मिळाला, तो योग्यच झाला. परंतु केंद्र सरकारच्या आधारभूत किमतींच्या यादींत ज्वारी, बाजरी व नाचणी आहेत, राळा नाहीं. म्हणून शहरांतील दुकानांत पुडक्यांतून विकल्या जाणाऱ्या राळ्याचा भाव पाहून जो एकदम पांच एकर पेरील, त्यास आमचा सल्ला थांबण्याचा आहे. प्रथम घरापुरतें पेरावें.

जमिनीची निवड हीच पहिली गोष्ट. पूर्णेच्या दोन्ही कांठची भारी, चिकण, पावसांत पाणी धरून ठेवणारी जमीन राळ्यास मानवत नाहीं. मुळाशीं पाणी तुंबलें कीं पीक पिवळें पडतें. उलट अचलपूर, मोर्शी, अकोट, तेल्हारा या भागांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या निचऱ्याच्या जमिनी, तसेंच पातूर-बार्शीटाकळीकडील मध्यम व हलकी रानें त्यास चांगलीं. ५०० ते ७०० मिलिमीटर पावसांत हें पीक येतें, आणि आपल्याकडे साधारण वर्षी त्याहून कमी पाऊस पडत नाहीं. त्याचें खरें मोल मात्र वाईट वर्षी कळतें. मृग कोरडा गेला, आर्द्रेंत पेरलेलें सोयाबीन उगवून करपलें, आणि पुनर्वसूंत पाऊस आला, तर दुसऱ्यांदा महागडें बियाणें टाकण्यापेक्षां त्या तुकड्यांत राळा पेरणें शहाणपणाचें. पुष्याच्या अखेरीपर्यंत पेरा चालतो. त्यापुढें खोडमाशीचा उपद्रव वाढतो व उताराहि घटतो.

दाणा बारीक असल्यामुळें भुसभुशीत वाफसा साधून तो दोन-तीन सेंटिमीटरपेक्षां खोल जाऊं देऊं नये. तिफणीनें ओळींत पेरल्यास एकरीं ३ ते ४ किलो बियाणें पुरतें; हातानें फोकल्यास दीडपट लागतें, व पुढें डवरणीहि करतां येत नाहीं. बियाण्यांत बारीक वाळू किंवा चाळलेलें शेणखत मिसळावें, म्हणजे चाड्यांतून तें सारखें सुटतें. दोन ओळींत नऊ इंचांपासून एक फुटापर्यंत अंतर पुरे. पहिले तीन आठवडे पीक नाजूक असतें; त्या अवधींत एक निंदण व एक डवरणी चुकवूं नये. राळ्यासारखेंच दिसणारें रानटी गवत त्यांत उगवतें, आणि कणीस येईपर्यंत नवख्यास तें ओळखतां येत नाहीं. निंदणास जाणती बाई असावी हें उत्तम. शेणखत दिलें असेल तर वरखत बेतानेंच द्यावें. नत्र अधिक झालें कीं ताट उंच वाढून वाऱ्यानें लोळतें.

येथें आंध्रांतील कर्नूल व कर्नाटकांतील बल्लारी या काळ्या जमिनीच्या, आपल्यासारख्याच कपाशीच्या जिल्ह्यांचा दाखला देण्याजोगा आहे. तेथें कपाशींत राळ्याच्या ओळी घेण्याची जुनी रीत आहे. राळा तीन महिन्यांत निघून जातो, आणि कपाशीस पुढील रान मोकळें मिळतें. त्याच भागांतील नंद्याळच्या संशोधन केंद्रानें 'प्रसाद', 'सूर्यनंदी' यांसारखे राळ्याचे वाण काढले आहेत. आपल्याकडे तुरीच्या एका ओळीस राळ्याच्या पांच ओळी हें प्रमाण अधिक सोयीचें, कारण सरत्यानें तूर सोडण्याची रीत येथें प्रत्येकाच्या अंगवळणीं आहे.

पक्ष्यांचा प्रश्न लहान नाहीं. सबंध शिवारांत एकट्याचाच राळा पिकला तर चिमण्या व मुनिया पंधरा दिवसांत त्याचा निकाल लावतात, आणि राखणीचा खर्च पिकाहून जड होतो. दहा शेतकऱ्यांनीं लागून लागून अर्धा-अर्धा एकर पेरावा. नुकसान वांटलें जातें आणि राखणहि.

चांगल्या रानांत एकरीं ६ ते ७ क्विंटल दाणा व १० क्विंटलांच्या आसपास वैरण येते. हलक्या जमिनींत पाऊस ओढला तर दोन्ही निम्म्यावर येतात. ज्वारीच्या कडब्याशीं वजनांत ही वैरण बरोबरी करीत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पण ताट बारीक व पानाळ असल्यानें जनावर तें न कापतां समूळ खातें, गव्हाणींत बुरखुंडें उरत नाहींत. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यांनीं जनावरास किराळ लागते, तेवढें भय येथें नाहीं. हिरवा चारा हवा असल्यास कणीस पोटरींतून निघतांना कापावें व इतर चाऱ्यांत मिसळून घालावें. घोड्यास मात्र ही वैरण एकटी व सतत घालूं नये. सांधे व मूत्रपिंडें यांस ती बाधते. काढणी परतीच्या पावसाशीं गांठ घालते, ही या पिकाची मोठी खोड. ताटें ओलीं रचल्यास आंतून बुरशी येते व सारी मेहनत उकिरड्यावर जाते.

आतां मुख्य अडचणीकडे येतों. राळा शेतांतून गेला तो पावसामुळें किंवा किडीमुळें नव्हे. तो उखळांत अडकला. ज्वारी दळली कीं भाकरीस तयार. राळ्याचें तसें नाहीं. त्याच्या इवल्याशा दाण्यावर गुळगुळीत, घट्ट टरफल असतें. तें काढल्याखेरीज भात होत नाहीं. पहांटे उठून बाईनें मुसळानें कांडावें, सुपानें पाखडावें, पुन्हां कांडावें, आणि शंभर शेरांतून साठ-सत्तर शेर हातीं यावे. मेळघाटांतील कोरकू स्त्रियांनीं कुटकी व सावा यांच्यापायीं हेच कष्ट पिढ्यानुपिढ्या उपसले आहेत. गिरणी आली, रेशनचा तांदूळ आला, आणि मुसळ खालीं ठेवण्याची सोय झाली; त्यांत त्या बायांचें काय चुकलें ? राळ्यांत शंभर ग्रॅमांस सुमारें १२ ग्रॅम प्रथिनें आहेत, पांढऱ्या तांदळांत सातांच्या आसपास. हा हिशेब व्याख्यानांतून सांगणारे पुष्कळ भेटतात. कांडावयाचें कोणी, हें मात्र त्यांतील थोडेच सांगतात.

आमच्या मतें पेऱ्याच्या आधीं कांडणीची सोय झाली पाहिजे. भाताच्या साध्या गिरणींत राळ्याचें काम नीट होत नाहीं. दाणा वेगानें फेकून कडेवर आपटणारीं लहान यंत्रें आतां मिळतात. आपटतांच टरफल फुटतें व वाऱ्यानें उडून जातें. त्यांत घालण्यापूर्वीं राळे खणखणीत वाळवावे व चाळून एका आकाराचे करावे, नाहींतर मोठा दाणा फुटतो आणि बारीक तसाच निघतो. असें यंत्र एका शेतकऱ्यास परवडणार नाहीं; गांवच्या बचतगटानें किंवा संस्थेनें घ्यावें, आणि आसपासच्या गांवांनीं कांडणावळ देऊन वापरावें.

एक सूचना साठवणीची. सालासकट राळे कोरड्या कणगींत वर्षानुवर्षें टिकतात, त्यांस सहसा कीड लागत नाहीं. सोललेले मात्र कोंड्यांतील तेलामुळें एक-दोन महिन्यांत कडवट होऊं लागतात. तेव्हां महिन्याला लागतील तेवढेच कांडून आणावे, आणि पुढील पेऱ्याचें बियाणें उत्तम कणसें निवडून खळ्यावरच वेगळें काढावें.