अठरा मिनिटे आणि चार महिने

आमच्या घरात गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक वाद सुरू झाला आणि तो चांगला चार महिने पुरला. कारण वरवर पाहता क्षुल्लक होते. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी आमची कन्या आपल्या महाविद्यालयातील एका व्याख्यान-सोहळ्याची चिटणीस झाली होती. सोहळ्याचा विषय होता 'नवनिर्मिती आणि नेतृत्व'. वक्ते बोलवायचे, सभागृह मिळवायचे, पैसा उभा करायचा, हे सारे विद्यार्थ्यांनीच करावयाचे. प्राध्यापकांनी केवळ लक्ष ठेवावयाचे. परिणाम असा झाला की, संध्याकाळी सहाला घरी येणारी मुलगी रात्री नऊला येऊ लागली, जेवताना तिचा फोन खणखणू लागला आणि सत्रान्त परीक्षेत एका विषयात तिचे गुण घसरले.

मी स्पष्टच बोललो. "नेतृत्वावरची भाषणे ऐकून कोणी नेता झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. आधी अभ्यास, मग सभा." तिने उलट उत्तर दिले नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, भाषणे ऐकायला मला त्या दिवशी सवडच मिळायची नाही. तुम्ही मात्र या." या उत्तराचा अर्थ मला तेव्हा उमगला नाही. तो पुढे उमगला, आणि वाचकांपुढे ठेवण्याजोगा वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या सभांचे स्वरूप सांगितले पाहिजे. कारण आपल्यापैकी अनेकांची मुलेमुली आज त्यांत गुंतलेली असतात आणि आपल्याला त्यांचे नाव तेवढे ठाऊक असते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९८४ साली 'टेड' नावाची एक परिषद भरली. तंत्रज्ञान, मनोरंजन आणि आरेखन या तीन विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडले. १९९० पासून ती दरवर्षी भरू लागली. वक्ता कितीही मोठा असो, त्याने आपले म्हणणे अठरा मिनिटांत संपवावे, हा तिथला दंडक. २००६ पासून ही भाषणे इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य पाहता येऊ लागली, आणि २००९ पासून कोणत्याही गावच्या मंडळींना परवाना घेऊन आपल्या ठिकाणी अशी सभा भरविण्याची मुभा मिळाली. अशा सभेला 'टेडएक्स' म्हणतात. शेवटचे अक्षर ही ती स्वतंत्रपणे भरविलेली असल्याची खूण. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण अटी कडक असतात. वक्त्याला मानधन द्यावयाचे नाही, संयोजकांनी नफा घ्यावयाचा नाही, व्यासपीठावरून मालाची वा पक्षाची जाहिरात करावयाची नाही, आणि देणगी दिली म्हणून कोणाला भाषणाचा मान द्यावयाचा नाही.

आपल्या सुरतेत १९६१ साली स्थापन झालेल्या आणि आज सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी 'टेडएक्स' या नावाने असे सोहळे भरविले आहेत. आमच्या कन्येच्या महाविद्यालयातील सभा परवान्याची नव्हती; परंतु नियम तिने व तिच्या सोबत्यांनी तिथूनच उसने घेतले होते. चौदा जणांची समिती, सहा वक्ते, प्रत्येकाला अठरा मिनिटे.

खरी कसोटी लागली ती पैशाच्या वेळी. मंडपवाला, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा प्रवास यांना खर्च येणारच. आमची कन्या आणि तिच्या दोघी मैत्रिणी रिंग रोडच्या कापड मार्केटांतून पेढ्यांच्या पायऱ्या चढू लागल्या. बहुतेकांनी चहा पाजून वाटेला लावले. एका शेठजींनी मात्र सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बेन, मी एवढी रक्कम देणार, तर मला बोलायला किती वेळ देणार?" वेळ देता येत नाही, हा नियम सांगावा लागला. शेठजी हसले आणि त्यांनी मागितलेल्या रकमेच्या चौथा हिस्सा दिला. त्या रात्री घरी आल्यावर ती जेवली नाही. मी मनात म्हटले, बरे झाले, आता सुटेल हा नाद. पण दुसऱ्या दिवशी तिने वहीत नवा हिशेब मांडला. पाहुण्यांना उपाहारगृहातील थाळीऐवजी लोचो आणि चहा, फुलांच्या सजावटीला फाटा, स्मृतिचिन्हांऐवजी पुस्तके. खर्च मिळकतीत बसला.

सभा फाल्गुनात होती. दोन दिवस आधी एका नामांकित वक्त्याने येणे रद्द केल्याचे कळविले. समितीत दोन तट पडले. काही जण म्हणाले, त्या शेठजींनाच आता बोलवावे. राहिलेली रक्कमही मिळेल. दुसरे म्हणाले, नियम केला तो अडचणीच्या वेळी मोडण्यासाठी नव्हे. अखेर लिंबायतमध्ये राहणाऱ्या एका मुलाने सुचविले, आमच्या शेजारचे काका यंत्रमागाच्या कारखान्यात आहेत. त्यांनी मागावर काहीतरी सुधारणा केली आहे, त्यांनाच विचारू या का?

ठरल्या दिवशी मी गेलो. खरे सांगायचे तर उणिवा काढण्याच्या तयारीनेच गेलो, आणि उणिवा मिळाल्याही. दोन वक्त्यांनी आपल्या यशाची गाथा आळविली. त्यांत नवनिर्मिती थोडी आणि आत्मस्तुती फार होती. पुढच्या रांगांतील काही तरुण भाषणापेक्षा स्वतःची छायाचित्रे घेण्यातच रमले होते. तथापि एका वक्त्याने मला खिळवून ठेवले. त्याने परदेशची उदाहरणे दिली नाहीत, सुरतेचेच दिले. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे हे शहर सोडून गेली. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून उठवून रोज सकाळी रस्त्यावर, गटारांपाशी उभे केले, आणि स्वतःही उभे राहिले. १९९६ साली एका राष्ट्रीय संस्थेच्या पाहणीत सुरत स्वच्छतेत चंदीगडच्या खालोखाल दुसरी ठरली. तो प्लेग पाहिलेले आम्ही काही जण सभागृहात होतो. आमचे डोळे पाणावले. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचा जन्मही त्यानंतरचा.

मग लिंबायतचे ते काका आले. मूळचे खानदेशातले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात कागद नाही. त्यांनी अर्धे हिंदीत आणि अर्धे आपल्या मराठीत सांगितले ते असे : रात्रपाळीत मागावरचा तुटलेला धागा लवकर दिसत नसे, कापड बिघडे, आणि त्याचा भुर्दंड कारागिरावर बसे. त्यांनी आपल्या मागांवरचे दिवे वीतभर खाली आणि थोडे तिरपे टांगले. धागा दिसू लागला. "मी काही शोध लावला नाही. दिवा हलवला. पण हलवू का, असं मालकाला विचारायला मला दोन वर्षं लागली." एवढे बोलून ते बाराव्या मिनिटाला थांबले. सभागृह क्षणभर स्तब्ध होते, आणि मग टाळ्या पडल्या त्या दिवसभरातल्या सर्वांत मोठ्या.

माझी नजर कन्येला शोधीत होती. ती पडद्याच्या कडेला, हातात कागद आणि कानाला फोन अशी उभी होती. त्या काकांचे भाषण तिने ऐकलेच नव्हते. पुढच्या वक्त्याची मोटार वाटेत अडकली होती आणि ती क्रम बदलण्याच्या गडबडीत होती. तेव्हा तिच्या त्या वाक्याचा अर्थ मला लागला. नेतृत्वावरची भाषणे श्रोत्यांसाठी होती. नेतृत्व मात्र त्या चौदा मुलांच्या वाट्याला आले होते.

रात्री आमच्या मातोश्रींना हा वृत्तान्त सांगितला. त्या म्हणाल्या, "पोरांनी सभा भरवायची, हे काही सुरतेला नवं नाही हो." त्यांचे म्हणणे खरे होते. दुसऱ्या दिवशी मी जुनी पुस्तके काढून बसलो.

मराठी व्याकरणाचे कर्ते दादोबा पांडुरंग तर्खडकर हे आपल्या तरुणपणी सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांनी आणि दुर्गाराम मेहताजी आदी गुजराती सहकाऱ्यांनी २२ जून १८४४ रोजी येथे मानवधर्म सभा स्थापन केली. प्रमुख पाचही जणांची नावे 'द'कारापासून सुरू होणारी, म्हणून सुरतेने त्यांना 'पाच दद्दा' म्हटले. ते उघड सभा भरवीत, जातिभेद आणि भुताखेतांच्या समजुतींवर बोलत, आणि मांत्रिकांना आपली विद्या सर्वांसमक्ष दाखविण्याचे आव्हान देत. एक मराठी शिक्षक आणि त्याचे गुजराती मित्र मिळून हे करीत होते, ही गोष्ट सुरतेच्या मराठी माणसाने अभिमानाने आठवावी. पण १८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले. सभेचा जोर ओसरला आणि काही वर्षांत ती थांबली. सभा मोठ्या माणसांच्या खांद्यांवर उभी होती. तिच्या मागे दुसरी रांग तयार झालेली नव्हती.

याच सुमारास मुंबईत निराळा प्रयोग झाला. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी, प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने, स्वतःची साहित्य-विज्ञान सभा काढली. तरुण दादाभाई नौरोजी त्या मंडळींत होते. सभेच्या मराठी आणि गुजराती शाखा झाल्या, निबंध वाचले जाऊ लागले, आणि बोलता बोलता मुले कृतीकडे वळली. १८४९ मध्ये सभेने मुलींच्या शाळा उघडल्या, आणि त्यांत विनावेतन शिकवायला उभे राहिले ते याच मंडळींतील तरुण. ज्यांनी सभा भरविली, त्यांनाच शाळा चालविण्याचे बळ आले.

सुरतेचा नर्मद त्याच एल्फिन्स्टनमध्ये शिकला. १८५०-५१च्या सुमारास त्याने मित्रांसह एक सभा काढली आणि मंडळी एकत्र आल्याने काय लाभ होतो, या विषयावर भाषण केले. तेव्हा त्याला अठरा वर्षेही पुरी झालेली नव्हती. गुजराती गद्य निबंधाचा आरंभ पुष्कळ जण या भाषणापासून मानतात. याच तरुणाने पुढे १८५८ साली नोकरी सोडून लेखणीचा आश्रय केला, १८६० साली विधवाविवाहाच्या प्रश्नावर जदुनाथ महाराजांशी जाहीर वाद केला आणि पुढे स्वतः एका विधवेशी विवाह केला. आमलीरानमधील त्याचे घर आजही पाहावयास मिळते आणि येथील विद्यापीठ त्याच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या वडिलांनाही कधीतरी वाटले असेल, की मुलाने आधी अभ्यास करावा, मग सभा.

आता थोडे आपल्या घरचे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झाली, आणि मराठी माणूस जिथे जिथे गेला तिथे व्याख्यानमालेचे वेड घेऊन गेला. आमच्या येथील मंडळातही गणेशोत्सवात व्याख्याने होतात. गेली कित्येक वर्षे पुढच्या खुर्च्यांवर आम्ही पाच-पंचवीस पांढऱ्या केसांची माणसे आणि मागे रिकाम्या खुर्च्या, असे दृश्य असते. तरुण येत नाहीत, त्यांना मराठीची गोडी उरली नाही, असे आम्ही म्हणतो. पण त्यांना आम्ही आजवर सतरंज्या घालणे आणि प्रसाद वाटणे याखेरीज दुसरे कोणते काम दिले? वक्ता आम्ही ठरवितो, विषय आम्ही ठरवितो, पैशाची पेटी आमच्याच कुलपात असते. दादोबांच्या सभेला झाले तेच आमच्या मंडळाला होऊ घातले आहे.

म्हणून मी कार्यकारिणीपुढे एक सूचना मांडली. गणेशोत्सवातील एक संध्याकाळ सर्वस्वी पंचविशीच्या आतल्या मुलामुलींच्या स्वाधीन करावी. वक्ते त्यांनी निवडावेत, वर्गणी त्यांनी गोळा करावी, हिशेब त्यांनी लिहावा. अट दोनच : भाषण मराठीत, मग ते खानदेशी वळणाचे असो की गुजराती शब्द मिसळलेले, आणि वेळ अठरा मिनिटे. आमच्या खजिनदारांनी लगेच शंका काढली, "आणि पोरांची हिशेबात चूक झाली तर?" मी म्हटले, "होईलच. आपल्याही झाल्या होत्या. तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी त्या निस्तरल्या. आता निस्तरण्याची पाळी आपली." बरीच चर्चा होऊन सूचना एका मताने मंजूर झाली. ते एक मत कोणाचे, हे येथे सांगत नाही. खजिनदार माझे जुने स्नेही आहेत.

कन्येचे घसरलेले गुण पुढच्या सत्रात काहीसे सावरले. पुरते सावरले नाहीत. त्याची हळहळ मला अजून आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. ज्या घरांतून मुले अशा कामांत पडली आहेत त्यांनी अभ्यासाचे भान मुलांना जरूर द्यावे. परंतु एखादे पोर रात्री नऊला दमून घरी आले आणि जेवता जेवता हिशेबाची वही उघडून बसले, तर त्याला लगेच बोल लावू नये. आधी ताट वाढावे आणि वहीत काय लिहिले आहे, ते विचारावे.