वीस भिक्खूंचा सालभराचा खर्च

नाशिकची पांडवलेणी पाहायला येणारा माणूस खांबांवरचे बैल-हत्ती न्याहाळतो, फोटो काढतो आणि पायऱ्या उतरायला लागतो. दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यातली ब्राह्मी अक्षरे नजरेतून सुटतात. तिथे एका विहाराचा जमाखर्च कोरून ठेवला आहे, 1900 वर्षांपूर्वीचा.

हे लेणे दिले उषवदाताने. हा क्षत्रप नहपानाचा जावई. डोंगरात खोल्या खोदून दिल्या, पण राहणाऱ्यांच्या अंगावरच्या वस्त्रांचे काय? त्यासाठी त्याने 3000 कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचे. ही रक्कम राजाच्या खजिन्यात न ठेवता जवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, दिली. एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण व्याजाने.

आता हिशेब मांडू. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. लेख सांगतो, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. एक नाणे उरत नाही की कमी पडत नाही. आधी खर्च ठरवला आणि त्यावरून ठेव काढली, हे उघड दिसते. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला 90 येत, ते इतर खर्चाला. विणकरांना भांडवल मिळे, संघाला नियमित व्याज. व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवला, असेही लेखात आहे. जावईबापू कागदपत्रांत पक्के होते.

जेवणाची सोय वेगळी. त्यासाठी त्याने एका ब्राह्मणाचे वडिलोपार्जित शेत 4000 कार्षापणांना विकत घेऊन दिले.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. राज्य बदलले की जुनी दाने बुडतात, अशी भीती असायचीच. पण तिसऱ्या लेण्यातला त्याचा 18 व्या वर्षाचा हुकूम पाहा: पूर्वी उषवदाताकडे असलेली 200 निवर्तने जमीन त्याने त्रिरश्मीच्या, म्हणजे याच लेण्यांच्या डोंगरावरच्या, भिक्खूंना दिली. शिवाय त्या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरू नये, तिथे मीठ खणू नये, असे बजावले. इथे रक्षण होते ते अशा हुकमांचे.

हुकूम चांगला, जमीन मात्र वाईट निघाली. सहा वर्षांनी दुसरा लेख कोरावा लागला: ते शेत कोणी कसत नाही, गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरची राजाच्या मालकीची 100 निवर्तने द्यावीत. हे फर्मान गौतमीपुत्र आणि राजमाता या दोघांच्या नावाने निघाले. सरकारी चूक दगडावर दुरुस्त केल्याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

पुढच्या आभीर काळात विष्णुदत्ता या उपासिकेने पुन्हा श्रेणींकडेच ठेव ठेवली, त्यात तेल्यांची श्रेणीही होती. व्याज कशासाठी? आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी. पांडवलेण्यांना गेलात तर हा लेखही दहाव्याच लेण्यात शोधा.