शेवळं, काकडं आणि मे महिन्यातले सोडे

जून महिन्यातल्या शनिवारी सकाळी लवकर ठाण्याच्या जांभळी नाक्यावर गेलं, तर भाजीच्या नेहमीच्या गाळ्यांच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला प्लास्टिकचा कागद अंथरून बसलेल्या बायका दिसतात. त्यांच्यापुढे तराजू नसतो. जुड्या असतात आणि वाटे असतात. टाकळ्याची कोवळी पानं, कुलूच्या हिरव्या पात्यांचे गठ्ठे, कुठे भारंगी, आणि मधोमध तपकिरी-जांभळट, टोकदार, मिटलेल्या कळ्यांच्या जुड्या. ही शेवळं. त्यांच्या शेजारी हिरव्या आंबट फळांचा छोटा ढीग असतोच. ती काकडं.

या बायका बहुतेक ठाकूर, कातकरी किंवा महादेव कोळी. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात, त्यांवरच्या गावांतून त्या येतात. एकावर वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी; दुसऱ्यावर वांगणी, नेरळ, भिवपुरी, कर्जत. आदल्या दिवशी रानात फिरून खुडलेली भाजी पहाटेच्या लोकलच्या मालडब्यातून येते आणि दुपारच्या आत संपते. उरलेली परत नेण्यात अर्थ नसतो, कारण रानातल्या कोवळ्या पानाला दुसरा दिवस झेपत नाही.

इथे दर शनिवारी येणारं एक जोडपं आहे. दोघं तिशीतली, नोकरी मुंबईत, घर घोडबंदर रस्त्यावर, आठवडाभर जेवण डब्यावर. तो यवतमाळकडचा, ती साताऱ्याची. दोघांच्याही माहेरी-सासरी शेवळं कधी शिजली नव्हती. ती शिकवली शेजारच्या सीकेपी काकूंनी. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू या दोन्ही समाजांत या भाजीला सणासारखा मान. कोलंबी घालून, सोडे घालून, खिमा घालून आणि सोवळ्याच्या दिवशी वाल किंवा चणाडाळ घालून ती होते. काकूंची पहिली अट मात्र मसाल्याची नव्हती, बाजाराची होती: भाजी स्वतः जाऊन आणायची, आणि जिच्याकडून घ्याल तिच्याशी बोलायचं.

ती अट किती नेमकी आहे, हे जुडी हातात घेतल्यावर कळतं. कळी घट्ट मिटलेली हवी आणि देठ ताठ हवा. उमलू लागलेलं शेवळं घ्यायचं नाही. ही कळी पुरती उमलली की सडक्या मांसासारखा वास सोडते. तो वास माश्या आणि कीटकांना बोलावण्यासाठी असतो. शेवळं सुरणाच्याच प्रजातीतलं, म्हणजे अमॉर्फोफॅलस. जमिनीखाली कंद, पहिल्या सरींच्या आगेमागे आधी फूल आणि पान त्यानंतर. त्यामुळे खाण्याजोगी कळी मिळण्याचा काळ जेमतेम काही आठवड्यांचा. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात; शेवळं त्याच्या थोडी आधी दिसू लागतात आणि जुलै चढला की दिसेनाशी होतात.

"ताई, काकडं घे. नाहीतर खाजंल," पलीकडून सूचना येते. घेतलेली जुडी काकडांशिवाय पिशवीत जाऊच द्यायची नाही, असा त्या बाईंचा शिरस्ता आहे. हे केवळ वरचे दोन पैसे मिळवणं नव्हे. विकलेल्या वस्तूची शेवटच्या घासापर्यंत घेतलेली ती जबाबदारी आहे, आणि शहरातल्या कुठल्याही चकचकीत दुकानात ती मिळत नाही.

पिशवी घरी आली की खरं काम सुरू होतं. ओट्यावर वर्तमानपत्र, हातांना तेल. ती सोलते, तो चिरतो. बाहेरची पापुद्र्यासारखी आवरणं काढायची, कळी उभी उघडायची. आत दांडा असतो आणि त्यावर पिवळा, रवाळ पट्टा. हे दाणे म्हणजेच शेवळाची खरी फुलं, बाहेरचं सगळं नुसतं वेष्टण. हा पिवळा भाग कापून टाकायचा, अगदी कणही ठेवायचा नाही. सुरण, अळू, शेवळं या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तेच जिभेला आणि घशाला टोचतात. काकूंच्या मते खाजेचं घर या पिवळ्या पट्ट्यातच. म्हणून त्या शेजारच्या खुर्चीवर बसून प्रत्येक कळी डोळ्यांनी तपासत असत. आता दोघांचे हात बसले आहेत, तरी तो चिरण्याआधी प्रत्येक दांडा एकदा उजेडात धरून बघतोच.

उरतं ते अगदी थोडं. भरगच्च दिसणाऱ्या जुडीची सोलून वाटीभर भाजी होते, म्हणून दोन माणसांसाठीही तीन-चार जुड्या लागतात. बारीक चिरलेलं शेवळं तेलावर परतून बाजूला ठेवायचं. काकडं ठेचून, पाण्यात कुस्करून गाळायची आणि तो आंबट रस त्यात घालून भाजी चांगली शिजू द्यायची. काकडं नसतील तर चिंच. पण काकडाच्या आंबटपणाला एक रानवट तुरटपणा असतो, तो चिंचेला नाही. आंबटात नीट शिजलं की खाज मरते. इथे घाई केली तर पुढचा सगळा मसाला वाया.

मसाल्याआधी सोडे. हे सोललेल्या, उन्हात खडखडीत वाळवलेल्या कोलंबीचे तुकडे. त्यांची खरेदी जूनमध्ये करायची नसते. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, ताज्या माशाचा बाजार आटतो, म्हणून किनाऱ्यावरची घरं मे महिन्यातच सुकट, बोंबील, सोडे भरून ठेवतात. याला आगोटीची बेगमी म्हणतात. या जोडप्याची बेगमी एका सहलीत होते. मे महिन्यातल्या एका रविवारी गेटवेहून लाँचने मांडवा, तिथून बसने अलिबाग. दुपारी समुद्रावर पाय भिजवून झाले, की संध्याकाळपर्यंत बाजार: सोडे, कडवे वाल आणि पांढऱ्या कांद्याची माळ. अलिबागच्या या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तो इतका गोडसर, की कच्चाच खावासा वाटतो. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचा बंद होतात, त्यामुळे ही सहल पुढे ढकलता येत नाही. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो बोट सुरू झाली आहे, ती पावसातही चालते; पण वाळवणाचा बाजार मे महिन्यातच भरात असतो.

म्हणजे जूनच्या शनिवारी ओट्यावर जे शिजतं, त्यातला निम्मा माल महिनाभर आधीच्या रविवारी ठरलेला असतो. मासा संपतो त्या आठवड्यांत रानातून ही कळी येते आणि तिला साथ द्यायला मे महिन्यातली कोलंबी डब्यात वाट बघत असते. समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत राहणाऱ्या माणसांनीच हा मेळ जुळवला. कोणा एकाची ही अक्कल नाही; पिढ्यांनी सोसलेल्या पावसाळ्यांची आहे.

सोडे कोमट पाण्यात भिजवून निथळायचे. तेलात बारीक चिरलेला कांदा गुलाबी होईतो परतायचा. आलं-लसूण, हळद, तिखट, मग सोडे, शेवटी शिजलेली शेवळं आणि नारळाचं दाटसर दूध. दूध घातल्यावर आच मंद. सोबत तांदळाची भाकरी. त्याला ज्वारीची आवडते, म्हणून तवा दोनदा तापतो.

रविवार पायांचा. येऊरच्या रस्त्याने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेकडेने चालायला ती दोघं जातात, किंवा आसनगावला उतरून माहुलीच्या पायथ्याशी. पहिल्या पावसानंतर पालापाचोळ्यातून वर आलेलं शेवळं तिथे प्रत्यक्ष दिसतं. पान नाही, फांदी नाही, जमिनीतून थेट वर आलेला एकटा दांडा. तो बघायचा, खुडायचा नाही. राष्ट्रीय उद्यानातून काही उचलणं कायद्याने गुन्हा आहेच, पण बाहेरच्या रानातही ही दोघं हात लावत नाहीत. सारख्या दिसणाऱ्या दोन वनस्पतींपैकी एक खाण्याची आणि एक विषारी असू शकते. हा फरक ओळखण्याचं शिक्षण जांभळी नाक्यावरच्या बायकांचं आहे आणि त्याचे पैसे त्यांनाच मिळायला हवेत. शिवाय प्रत्येक खुडलेली कळी म्हणजे न धरलेलं बी. कंद जमिनीत राहिला तर पुढच्या वर्षी पुन्हा कळी येते. पण जिथे माळावर प्लॉट पडले, तिथे कंदही उरत नाही. कल्याणच्या पुढे दोन्ही फाट्यांवर रूळांलगत इमारती वाढताहेत, आणि भाजीवाल्या सांगतात की आता रानात पूर्वीपेक्षा लांब जावं लागतं.

शेवळं संपली की टाकळा. तोही कोवळा आहे तोवरच. निबर झाला की चिवट आणि उग्र. कोकणी पद्धतीने त्यात मे महिन्यातल्या फणसाच्या आठळ्या पडतात. यवतमाळकडे हाच तरोटा आठळ्यांशिवाय होतो; कांदा, हिरवी मिरची आणि भिजवलेली डाळ. या घरात आलटूनपालटून दोन्ही. भारंगीची पानं उकडून, पिळून, कडूपणा काढून वालांबरोबर. कुलूचा तळचा पांढरा भाग मातीने भरलेला असतो, तो चार पाण्यांनी धुवावा लागतो. मग करटोली येतात, महाग असतात, आणि तरी घेतली जातात.

अलीकडे ऑगस्टमध्ये, ९ तारखेच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमाराला, कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे माहितीचे फलक असतात, शिजवलेल्या भाज्या चाखायला मिळतात. ते चांगलंच आहे. पण तोवर शेवळं कधीच संपलेली असतात. ज्याला ती खायची आहेत, त्याने जूनमधलेच दोन-तीन शनिवार मोकळे ठेवावेत, आणि मे महिन्यात सोडे थोडे जास्तच आणून ठेवावेत. काकूंचा आग्रह खिम्याचा आहे. या दोघांचं मत अजून सोड्यांकडेच.