परत आलेली मेथी: रविवारच्या भाजी स्टॉलचं खरं गणित

शेतातून थेट ग्राहकाला भाजी विकण्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, घरची एक एकर जमीन आहे. विषमुक्त भाजी पिकवून रविवारच्या शेतकरी बाजारात विकली तर परवडेल का?" व्हिडिओत वेळेत बसलं तेवढं सांगितलं. जे बसलं नाही, आणि खरं सांगायचं तर जे कॅमेऱ्यासमोर सांगायला मला जड जात होतं, ते इथे लिहितो. कारण त्यात चूक माझी होती.

आमच्या एका बॅचला पनवेल तालुक्यातलं एक जोडपं आलं होतं. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याकडचं गाव, चाळीस गुंठे जमीन, एक विहीर. दादा कळंबोलीत नोकरीला, शेत बघतात ते मुख्यतः ताई. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. शेजारच्या दोन जमिनी विकल्या गेल्या होत्या आणि घरात रोज विषय निघायचा की आपणही विकून मोकळं व्हावं का. पनवेलकरांना हे नव्याने सांगायला नको. २०१३ मध्ये 'नैना' क्षेत्र जाहीर झालं, विमानतळाचं काम सुरू झालं, ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटनही झालं. या सगळ्या वर्षांत इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या ओटीवर एजंट येऊन चहा पिऊन गेलाय. ताईंना जमीन ठेवायची होती. पण "ठेवून काय करणार?" या सासरच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर हवं होतं.

मी काय सांगितलं? माझं जुन्या पनवेलमध्ये घरगुती वस्तूंचं दुकान आहे. बीबीएत शिकलेलं आणि दुकानात दहा वर्षं वापरलेलं एक वाक्य मी त्यांना दिलं: भरलेला स्टॉल विकतो, रिकामा स्टॉल विकत नाही. भरपूर माल न्या, व्हरायटी ठेवा.

डिसेंबरातला पहिला रविवार. खारघरच्या एका सोसायटीच्या आवारात शेतकरी बाजार भरायचा, तिथे टेबल मिळालं. ताईंनी ८० जुड्या मेथी, ५० जुड्या पालक, ३० किलो टोमॅटो, वांगी, मुळा, कोथिंबीर असा टेम्पो भरून माल नेला. स्टॉल काय सुंदर दिसत होता! फोटो मीच काढले. दुपारी हिशेब केला तेव्हा विक्री २,१४० रुपये. टेम्पो ९००, जागेचं भाडं ३००, मदतीला आणलेल्या मुलाचे ४००, चहा-नाश्ता १२०. खर्च १,७२०. हातात उरले ४२०.

आणि ३४ जुड्या मेथी परत आली. १५ रुपये जुडीप्रमाणे तिचीच किंमत होते ५१०. म्हणजे दोन माणसांच्या दोन दिवसांच्या कष्टातून जेवढं सुटलं, त्यापेक्षा जास्त पैसे एकट्या मेथीच्या रूपाने संध्याकाळी म्हशीपुढे पडले. पालक, टोमॅटो, वांगी तर मी धरलेलीच नाहीत.

माझं वाक्य दुकानासाठी बरोबर होतं. न विकलेली बादली उद्या विकते, पुढच्या दिवाळीत विकते. न विकलेली मेथी सोमवारी सकाळी खत असते. एवढी साधी गोष्ट मला, ट्रेनर म्हणवणाऱ्याला, सुचली नव्हती.

मग बरोबर कोण करतं? उत्तर मला घरापासून पाच मिनिटांवर मिळालं. पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात डोंगरातल्या वाड्यांवरून ठाकर आणि कातकरी बायका रानभाज्या घेऊन येतात. पहिल्या पावसाला शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली. पुढे डोंगरउतारावरची काकडी. तुम्हीही घेतली असेल. एका मावशींपाशी बसून मी विचारलं, रोज किती आणता? त्या हसल्या. "डोक्यावर मावंल तेवढं. उरलं तर परत कोण वाहून नेनार?" सकाळी येतात, वाटे लावतात, माल संपला की उठतात. तराजू नाही, ताजेपणाची पाटी नाही, डिस्काउंट नाही. शेवळांबरोबर काकडं घातली नाहीत तर घसा खाजतो, हे नव्या गिऱ्हाइकाला त्या आपणहून सांगतात आणि काकडंही देतात. म्हणजे भाजी आणि तिची रेसिपी एकत्र विकतात. कुठल्याही मार्केटिंगच्या पुस्तकापेक्षा भारी आहे हे. (रोमँटिक करून सांगत नाहीये. त्यांचे कष्ट आणि त्यांना मिळणारे पैसे यांचा मेळ बसत नाही, हेही दिसतं. पण माल परत न नेण्याची शिस्त शिकावी तर त्यांच्याकडून.)

यातून आम्ही दोन गोष्टी उचलल्या.

पहिली म्हणजे परतीची वही. साधी दोनशे पानी वही. प्रत्येक भाजीपुढे चार रकाने: किती नेलं, किती विकलं, किती परत आलं आणि किती वाजता संपलं. विक्री सगळेच लिहितात. शेवटचा रकाना कोणी लिहीत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. लाल माठ साडेआठलाच संपला, याचा अर्थ बाजार उठेपर्यंत आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तुम्ही रिकाम्या हाताने पाठवलंत. तो वाढवा, किंवा दोन रुपये भाव वाढवा. पालक लागोपाठ तीन रविवार परत आला, तर त्याचा एक वाफा कमी करा.

आता बघा, ही वही थेट शेतात जाते. मेथी पेरल्यापासून महिनाभरात काढणीला येते. म्हणजे आज जो वाफा पेरताय, तो चार रविवारांनंतरचा तुमचा स्टॉल आहे. पूर्वी ताई सगळी मेथी एकदम पेरायच्या, कारण वाफे एकदम तयार व्हायचे आणि बी एकदम आणलं जायचं. एकदम पेरली की एकदम येते, आणि एकदम आलेली भाजी व्यापाऱ्यालाच द्यावी लागते. आता दर आठवड्याला दोन-दोन वाफे पेरतात. शेजारचे हसले, "ही काय कुंड्यांतली शेती" म्हणाले. हसू दे.

दुसरी गोष्ट, काय विकायचं. टोमॅटो, कांदा, बटाटा यांचे भाव गिऱ्हाइकाला पाठ असतात. तुमचा टोमॅटो कितीही चवीचा असो, समोरचा माणूस मनात कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी तुलना करतो, आणि त्या भाजीवाल्याचा माल वाशीच्या बाजारातून ट्रकने येतो. त्या लढाईत उतरू नका. जे वाशीहून येत नाही किंवा ताजं येत नाही, ते ठेवा. आपल्या रायगडात ते भरपूर आहे. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायची आपली जुनी पद्धत. जानेवारीत त्या शेंगा भरल्या की गावोगावी पोपटी लागते. खारघर-कामोठ्यातल्या सोसायट्यांमध्ये राहणारे कितीतरी लोक पोपटी खायला गावी जातात, पण घरी करायची तर शेंगांबरोबर लागणारा भांबुर्डा आणायचा कुठून? ताईंनी एका रविवारी वालाच्या शेंगांशेजारी बांधावरच्या भांबुर्ड्याच्या जुड्या ठेवल्या. शेंगा नऊच्या आत संपल्या. शेंगांचा भाव कोणी घासाघीस करून विचारला नाही, कारण तो कोणाला पाठच नव्हता.

आणि वाळवलेले वाल! बिरड्यासाठी वर्षभर मागणी, आणि रविवारी नाही विकले तर पुढच्या रविवारी विकतात. भाजीच्या स्टॉलवर किमान एक तरी न नासणारी वस्तू हवीच, हे माझ्या दुकानदारीतून त्यांना दिलेलं, आणि बरोबर निघालेलं, बहुधा एकमेव ज्ञान. तसाच घरचा बिनपॉलिशचा तांदूळ.

शेतीच्या पद्धतीबद्दल मी तज्ज्ञ नाही, पण पाहिलेलं सांगतो. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी जी पद्धत विकसित केली, ती एसआरटी या नावाने ओळखली जाते. तिच्यात कायमचे गादीवाफे करतात. चिखलणी नाही, रोपं करून लावणी नाही, भात टोकून पेरायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची आणि त्याच वाफ्यावर न नांगरता वाल किंवा भाजी घ्यायची. नांगरणी आणि लावणीची मजुरी वाचते, जमिनीत गांडुळं वाढतात. छोट्या शेताला हे खूप सोयीचं. पण एक लक्षात ठेवा: या पद्धतीत तण मारायला तणनाशक वापरतात. ते वापरलं असेल तर पाटीवर 'सेंद्रिय' लिहू नका. ताई हाताने खुरपतात, त्यामुळे त्यांचा मजुरीचा खर्च दुसरीकडून वाढतो. फुकट काहीच नसतं.

'सेंद्रिय' शब्दावरून आठवलं. लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकतो तेव्हा प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण मग 'जैविक भारत'चं चिन्हही लावता येत नाही. प्रमाणपत्र हवंच असेल तर पाच-सहा शेतकऱ्यांनी गट करून पीजीएस घ्यावं, एकट्याने महागड्या तपासणीच्या मागे लागू नये. ताईंच्या पाटीवर फक्त एवढंच आहे: काल संध्याकाळी काढलेली, कीटकनाशक न मारलेली. जे सिद्ध करता येतं तेवढंच लिहिलंय. ज्याला शंका असेल त्याला शेतावर बोलावतात, आणि तीन-चार कुटुंबं खरंच येऊन गेली.

कागदपत्रांचं फार घाबरू नका. जुलै २०१६ पासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बाहेर विकायला मोकळीक आहे, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून पणन मंडळाने संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार सुरू केले. अशा बाजारात बसायचं तर सातबारा जवळ ठेवा, विचारतात. ताज्या भाजीवर जीएसटी नाही. लोणचं, पापड ठेवायला लागलात की मात्र एफएसएसएआयची नोंदणी करा. आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का दरवर्षी नवा मारून घ्या. हे बहुतेक जण विसरतात आणि मग एका दिवसाची कमाई दंडात जाते.

भाव उतरवण्याबद्दल एक सांगतो. शेवटच्या तासात "घ्या हो, दहाला दोन" सुरू केलंत, की चार रविवारांत सगळी सोसायटी शेवटच्या तासाला यायला शिकते. त्याऐवजी उरलेल्या दोन-तीन भाज्यांचा मिळून एक वाटा लावा. आणि गुरुवारी व्हॉट्सअॅपवर यादी टाका, शुक्रवारी रात्रीपर्यंत ऑर्डर घ्या, मग शनिवारी संध्याकाळी तेवढंच काढा. न काढलेली मेथी वाफ्यात दोन दिवस थांबते, काढलेली नाही थांबत.

आता आकडे. सध्याचा बरा रविवार म्हणजे विक्री ३,८६० च्या आसपास. टेम्पो गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याबरोबर वाटून ४५०, जागा ३००, काढणीची मजुरी ३००, पिशव्या-चहा १३०. खर्च १,१८० जाऊन २,६८० उरतात. ऐकायला छान वाटतं ना? पण असे बरे रविवार वर्षात चोवीसच्या वर जात नाहीत. पावसाळ्यात पालेभाजी सडते, तेव्हा मांडवावरची शिराळी, पडवळ आणि काकडीवर भागवावं लागतं. एप्रिल-मे मध्ये विहीर तळ गाठते आणि स्टॉल बंद राहतो. चोवीस रविवारांचे झाले ६४,३२०. त्यातून बी, शेणखत, खुरपणी जायची आहे, आणि ताईंची स्वतःची मजुरी आम्ही कुठेच धरलेली नाही. म्हणून दादांनी नोकरी सोडलेली नाही, आणि मीही सोडा म्हणालो नाही. जो कोणी तुम्हाला एका एकरातून पहिल्याच वर्षी नोकरी सोडायचं स्वप्न विकतोय, त्याला त्याची परतीची वही मागा.

जमिनीचं काय झालं? तो विषय घरात अजून निघतो. फरक एवढाच की आता ताई वही काढून समोर ठेवतात. सासऱ्यांनी पहिल्यांदा ती वही चाळली तेव्हा विक्रीचा रकाना बघितलाच नाही, परतीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "चार जुड्या मेथी का परत आली?" गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःहून बांधावर भांबुर्ड्याला जागा सोडायला सांगितली.

टोमॅटोवरून मात्र नवरा-बायकोचं अजून एकमत नाही. दादा म्हणतात टेबलावर लाल रंग हवा, ताई म्हणतात लाल माठ आहे ना. पुढच्या रविवारी पाच किलो नेऊन बघणार आहेत. किती वाजता संपतात ते लिहून पाठवतील, तेव्हा तुम्हाला कळवतो.