तीन वर्षांचा खेळ, बारा वर्षांचें सख्य

एकत्र कुटुंबांत एखादा चुलता अथवा दीर अंथरुणास खिळला, तर त्याचें कोणीं करावें हा प्रश्न उद्भवूं नये, अशी आपली रीत आहे. ती सर्वत्र पाळली जाते, असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. म्हणूनच, ज्याच्याशीं रक्ताचा कसलाच संबंध नाहीं अशा माणसाचा भार एका तेवीस वर्षांच्या तरुणानें कसा उचलिला, तो अमेरिकेंतील वृत्तान्त आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

मॉरिस स्टोक्स हा कृष्णवर्णीय तरुण १९३३ सालीं पेन्सिल्वेनिया प्रांतांत जन्मला. बास्केटबॉल हा त्याचा खेळ. दहा फूट उंचीवरील कड्यांतून चेंडू टाकावयाचा, असा हा खेळ आहे. दर पक्षाच्या पांच गड्यांपैकीं दोघांस ‘फॉरवर्ड’ म्हणतात. नेम चुकून परत उसळलेला चेंडू उंच उडी घेऊन हस्तगत करणें, हें त्यांचें एक मोठें काम. सहा फूट सात इंच उंचीचा स्टोक्स या कामांत अद्वितीय होता. १९५५ सालीं तो रॉचेस्टर येथील ‘रॉयल्स’ या धंदेवाईक संघांत दाखल झाला आणि पहिल्याच वर्षीं उत्कृष्ट नवोदित ठरला. दुसऱ्या वर्षीं त्यानें असे १,२५६ चेंडू मिळविले. तो त्या वेळचा उच्चांक होता. १९५७ सालीं संघ सिनसिनाटी शहरीं गेला. तेथेंच त्याचें तिसरें व शेवटचें वर्ष झालें.

१२ मार्च १९५८ रोजीं मिनिआपोलिस येथें खेळतां खेळतां तो पडला व डोकें जमिनीवर आपटून बेशुद्ध झाला. औषध हुंगवून त्यास शुद्धीवर आणिलें, आणि तो पुन्हां खेळावयास उतरला! पडलेल्या मुलास “ऊठ, कांहीं झालें नाहीं” म्हणणाऱ्या आम्हां मास्तरांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. तीन दिवसांनीं डेट्रॉइटचा सामना खेळून परततांना विमानांतच त्याची प्रकृति एकाएकीं बिघडली. मेंदूस पोंचलेल्या दुखापतीनें त्याचें सर्व शरीर लुळें पडलें व वाचा गेली. बुद्धि मात्र शाबूत राहिली. २०२ सामन्यांचा त्याचा खेळ चोविसाव्या वर्षीं संपला.

अशा दीर्घ आजाराची तरतूद त्या काळीं खेळाडूंसाठीं नव्हती. आईबाप दूर पिट्सबर्ग येथें; आणि स्वतःच्या पैशांसाठीं सही करण्याइतकें बळहि त्याच्या हातांत उरलें नव्हतें. अशा वेळीं त्याच संघांतील जॅक ट्वायमन हा गौरवर्णीय गडी न्यायालयाच्या संमतीनें त्याचा कायदेशीर पालक झाला. ज्या देशांत त्या वेळीं कित्येक प्रांतांत दोन्ही वर्णांच्या मुलांस एका शाळेंत बसूं देत नसत, त्या देशांत हें घडलें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

ट्वायमन मुळाक्षरें एकेक म्हणे. हवें तें अक्षर येतांच स्टोक्स पापणी मिटे. असे शब्द जुळत. ही इजा कामावर असतां झाली, म्हणून कामगारांची नुकसानभरपाई ट्वायमननें खटपट करून मिळविली. उरलेल्या खर्चासाठीं कॅट्स्किल पर्वतांतील कुत्शर यांच्या विश्रामगृहीं दर वर्षीं नामांकित खेळाडूंचा साहाय्यक सामना भरवूं लागला. घरीं स्वतःचीं लेंकरें होतीं, खेळ चालू होता. तरी हें व्रत सुटलें नाहीं. अपार कष्टांनीं स्टोक्स टंकलेखन करूं लागला, चित्रें काढूं लागला.

६ एप्रिल १९७० रोजीं हृदयविकारानें त्याचें निधन झालें. वय अवघें छत्तीस. २००४ सालीं बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याचें नांव कोरलें गेलें, तेव्हां तो मान त्याच्या वतीनें ट्वायमननेंच स्वीकारला. २०१२ सालीं तोहि निवर्तला. पुढील वर्षापासून उत्तम सहकारी ठरणाऱ्या खेळाडूस त्या दोघांच्या नांवानें पारितोषिक देण्याची प्रथा तेथें पडली.

‘बन्धु’ शब्द ‘बन्ध्’, म्हणजे बांधणें, या धातूपासून आला, हें आम्हीं वर्गांत किती वेळां फळ्यावर लिहिलें, त्याची गणती नाहीं. जन्मानें जो बांधला गेला तो बन्धु, असेंच आम्ही समजत होतों. स्वतःस आपण होऊन जो बांधून घेतो, तोहि बन्धु, हा अर्थ आम्हांस उतारवयांत ट्वायमननें शिकविला.