तांबडा पाइप, पिवळा पाइप

न्हावा शेव्याचं बंदर 1989 साली सुरू झालं. कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरची तिथली रांग आता कुणाला नवी नाही. यातल्या कुठल्याही गाडीच्या केबिनमागे डोकावलं की दोन वेटोळी लोंबताना दिसतात, एक तांबडं आणि एक पिवळं. पुढच्या घोड्याला मागची ट्रॉली किंगपिनने जोडलेली असते, पण ट्रॉलीचे ब्रेक या दोन पाइपांतल्या हवेवर चालतात. एवढ्या महागड्या गाडीत सगळ्यात कमी लक्ष मिळतं ते याच दोन पाइपांना.

तांबड्यात हवा सतत भरलेली असते, साधारण सात-आठ किलोच्या दाबाने. ती ट्रॉलीची टाकी भरत राहते. पिवळा एरवी रिकामा असतो. ड्रायव्हरने पेडल दाबलं की त्यात हवा जाते, आणि तो इशारा मिळताच ट्रॉलीच्या टाकीतली हवा ब्रेकच्या डब्यांत शिरते. तांबडा फुटला तर ट्रॉलीवरची झडप दाब पडल्याचं ओळखते आणि टाकीतली हवा सोडून चाकं जाम करते. ड्रायव्हर शिव्या घालतो खरा, पण यंत्रणेने आपलं काम चोख केलेलं असतं.

या युक्तीचं मूळ रेल्वेत आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, त्यात दाब दिला की ब्रेक लागत असे. म्हणजे पाइप तुटला की ब्रेकच गेला. मग 1872 मध्ये त्याने गणित उलटं केलं: दाब गेला की ब्रेक लागणार.

पिवळ्याची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते तोच जास्त घातक. त्याला चीर पडलेली असली तरी उभ्या गाडीत काही कळत नाही, सरळ रस्त्यावरही नाही. पेडल दाबल्यावरच हवा बाहेर पळते. घोड्यावरची झडप ठीक असेल तर ती तांबड्यातला दाबही पाडते आणि ट्रॉलीचा ब्रेक लागतो. झडप अडकलेली असेल तर ट्रॉली मागून ढकलतच राहते.

पाइप बिघडतात ते बहुतेक वेळा घासून. वेटोळं सैल पडलं की केबिनमागच्या जाळीच्या पत्र्यावर टेकतं, आणि प्रत्येक खड्ड्यासरशी एकाच जागी घासतं. आधी रंग उडतो, मग आतले धागे दिसतात. फार आखूड असेल तर यार्डात काटकोनात वळताना ताणून कपलिंगपाशी उपटतं. सायलेन्सरजवळून गेलेला नायलॉनचा पाइप मऊ पडतो, उन्हात वर्षानुवर्षं राहिलेला कडक होऊन तडकतो. ट्रॉली सोडताना पाइप काढायचा विसरून घोडा पुढे घेणारेही आहेतच. उपाय साधे आहेत: वेटोळं वरच्या स्प्रिंगला टांगायचं, काढलेलं कपलिंग जमिनीवर न टाकता त्याच्या खुंटीत अडकवायचं, आणि कपलिंगमधली रबरी रिंग चेपली की बदलायची. ही रिंग अगदी किरकोळ किमतीची असते, तरी महिनोन्‌महिने तीच चालवतात.

दुरुस्तीचंही तसंच. चेसीसवरून गेलेला नायलॉनचा सरळ पाइप फुटला तर सांधता येतो. खराब भाग दोन्हीकडून कटरने काटकोनात कापायचा. करवतीने कापला की कडा तिरकी राहते आणि भुसा आत जाऊन झडपेत बसतो. मग आतून पितळी नळी घालायची, बाहेरून रिंग आणि नट, तेही त्याच मापाचे. हवा भरून साबणाचं पाणी लावायचं. फेसाचा बुडबुडा उठला तर पुन्हा खोलायचं. वेटोळ्याला मात्र सांधा देऊ नये. ते सारखं ताणतं-आवळतं, तेवढा एक तुकडा ताठ राहतो आणि पुढची चीर त्याच्या शेजारी पडते. वेटोळं अख्खं बदलायचं. चाकांना लाकडी अडण लावल्याशिवाय कुणी गाडीखाली शिरू नये, कारण हवा भरताच जाम चाकं मोकळी होतात.

टेप गुंडाळणं, ट्यूबची पट्टी आवळणं हे प्रकार आठ किलोपुढे टिकत नाहीत. त्याहून वाईट जुगाड म्हणजे ट्रॉलीच्या टाकीचा कॉक उघडून हवा सोडून देणं. स्प्रिंगचे डबे नसलेल्या ट्रॉलीची चाकं त्याने मोकळी होतात, स्प्रिंगवाल्या ट्रॉलीला त्यासाठी बोल्ट आवळतात. गाडी हलते, पण मागे ब्रेक उरत नाही. रस्ता अडवून बसलेली गाडी चार हात बाजूला घ्यायला हे एक वेळ चालेल, घाटात नेण्यासाठी कधीच नाही.

पुण्याकडून येताना खंडाळ्याचा उतार लागण्याआधी गाडी उभी करा, हवा पूर्ण भरून इंजिन बंद करा आणि पेडल दाबून धरा. क्लीनर असेल तर त्याला पिवळ्या पाइपापाशी कान देऊन उभं करा. नसेल तर काट्याकडे बघा. पहिला झटका खाऊन काटा स्थिर राहिला तर ठीक. तो खाली सरकत राहिला तर घाट उतरू नका.