दत्ताच्या गावचे पिल्लू

आमच्या कोल्हापुरात जुन्या घरांतून कुत्र्यांचा विषय निघाला की तो हटकून मुधोळच्या शिकारी कुत्र्यांवर येऊन ठेपतो. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ती जात राखली, 2005 साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले, आणि आमच्या आजोबांनी ते कुत्रे सशामागे सुटलेले एकदा डोळ्यांनी पाहिले होते, हे सारे ऐकतच मी वाढलो. प्रत्यक्षात कुत्रे पाळण्याचा योग मात्र साठी उलटल्यावर आला. तोही पेडण्यास, आणि आले ते गावठीच.

पेडण्याचे घर माझ्या आजोळचे. मावशी चौऱ्याऐंशीची, एकटीच राहत होती, म्हणून आम्ही उभयता तीन वर्षांपूर्वी तिच्याकडे राहावयास गेलो. मागे कुळागर, पुढे सोपा, रात्री माणसाचीही चाहूल नाही. तेव्हा दारात कुत्रे असावे असे आमच्या मंडळींचे मत पडले. मावशीने तो ठराव एका वाक्यात निकालात काढला : "म्हाका नाका तें सुणें."

तिच्या नकाराला कारण होते. 1950 साली, पोर्तुगीज अंमलात, तिच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, पिसाळलेले कुत्रे चावले. मामा अकरा वर्षांचा. झाडपाला झाला, अंगारा झाला, जखम भरलीही. दोन महिन्यांनी पाण्याचा तांब्या पाहून तो किंचाळू लागला, आणि तिसऱ्या दिवशी गेला. मावशी तेव्हा नऊ वर्षांची. खिडकीच्या गजांतून तिने ते पाहिले होते. पाश्चरने जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचली ती 1885 साली. उपाय जगात पासष्ट वर्षे होता. आमच्या उंबऱ्यापर्यंत तेवढा आला नाही.

मी तिला नव्या गोष्टी सांगून पाहिल्या. जाळ्या घेऊन गावोगाव हिंडणारी, लस टोचलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढणारी माणसे तिनेही पाहिली होती. 2021 च्या जूनमध्ये गोवा देशातले पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले, हेही सांगितले. ती ऐकून घेई व वाती वळीत राही. शेवटी जे आकड्यांनी झाले नाही ते दत्तगुरूंनी केले. डिचोली तालुक्यात साखळीला दत्ताचे प्रसिद्ध मंदिर आहे. तेथल्या एका स्नेह्यांच्या कुत्रीला पाच पिल्ले झाली होती. दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात, ते चार वेद, हे मावशीला मी काय सांगावे! "साखळेचें?" एवढेच तिने विचारले, आणि पुन्हा नको म्हटले नाही.

पिल्लू आठ आठवडे आईपाशी राहू द्यावे हा पहिला नियम. मी मधूनच एकदा जाऊन एक जुने लुगडे त्या कुत्रीच्या अंथरुणात ठेवून आलो. आईचा वास त्याला लागावा म्हणून. इकडे घराची तयारी. चिऱ्याच्या गडग्यात घोणशी निघतात, म्हणून सोप्यालगतची भगदाडे बुजविली. विजेच्या तारा उंच नेल्या. निजायला फळ्यांचा खोका केला. डिचोली, अस्नोडा, कोलवाळ करीत, शापोरा नदी ओलांडून पिल्लू आले ते त्या लुगड्यात तोंड खुपसून. नाव ठेविले मोती. तीन रात्री रडला. चौथ्या रात्री मी खोका आमच्या खाटेजवळ आणला आणि सगळ्यांना झोप लागली. ही अक्कल पहिल्याच रात्री सुचावयास हवी होती.

पिल्लाला वळण लावणे म्हणजे बव्हंशी स्वतःला वळण लावणे असते. खाल्ल्यावर, उठल्यावर, खेळ संपल्यावर त्याला लगेच माडाच्या बुंध्याशी न्यायचे आणि काम उरकताच शाबासकी द्यायची. घरात चुकला तर मुकाट्याने पुसून घ्यायचे. नाक घासून उपयोग नाही, ते फक्त आपल्याला भिते. गाईच्या दुधाने त्याचे पोट बिघडले, म्हणून मऊ भात आणि काटे काढलेली मासळी सुरू केली. कांदा, लसूण, मनुका वर्ज्य. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांचा 1965 चा ग्रंथ सांगतो की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू ज्यांच्यात वावरते त्यांना ते आपले मानते. लशी पुऱ्या व्हायच्या होत्या, म्हणून मी मोतीला रस्त्यावर न सोडता कडेवर घेऊन सारा बाजार दाखविला. चतुर्थीचे फटाके ऐकण्यापूर्वी त्याने पत्र्याचा डबा पडलेला पुष्कळदा ऐकला.

आज्ञांचा घोटाळा निराळाच. मी म्हणे "थांब", ही म्हणे "नको", शेजारची मुले म्हणत "राव". कोल्हापुरात राव म्हणजे अदबीचा शब्द; पेडण्यात राव म्हणजे थांब. अखेर कोंकणीच ठरली : यो, बस, राव, सोड. एका शब्दाला एकच अर्थ, हे पिल्लापेक्षा आम्हांलाच शिकावे लागले.

आणि एके दुपारी मोतीचा सुईसारखा दात मावशीच्या मनगटाला लागला. वाती वळताना लोंबणाऱ्या सुताशी तो खेळत होता. थेंबभर रक्त आले. तो नऊ आठवड्यांचा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, म्हणजे अजून राहिलेली. मावशी काही बोलली नाही. फक्त खिडकीकडे पाहिले. साबण आणि वाहते पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मग तडक सरकारी दवाखाना. कुत्रीला लस दिलेली होती, धोका नगण्य, तरी रक्त आले म्हणून डॉक्टरांनी जखमेभोवती प्रतिद्रव्य टोचले आणि लशीच्या तारखा लिहून दिल्या : आज, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. शिवाय पिल्लू दहा दिवस नजरेखाली ठेवा म्हणाले. दहा दिवस ते धड राहिले तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विष नव्हते असे समजावयाचे.

ती नजर मावशीने स्वतःकडे घेतली. खाट सोप्यावर हलवायला लावली. सकाळी उठल्याबरोबर ती मोतीपुढे पाण्याची वाटी ठेवी आणि तो पिईपर्यंत वाती हातात घेत नसे. कॅलेंडरवर रोज एक फुली. पाचव्या दिवशी तो मरगळला, जेवला नाही. त्या रात्री आमच्या घरात कोणीही धड जेवले नाही. गुरांच्या डॉक्टरांनी कानामागून दोन गोचिडी काढून दाखविल्या, औषध दिले, आणि सकाळी त्याने वाटी चाटून पुसून ठेवली. मावशी आत जाऊन तोंड धुऊन आली.

दहावी फुली पडली. अकराव्या दिवशी आम्ही जेवावयास बसलो असता ताटावरून प्राण्याला घास द्यायचा नाही हा माझा नियम मी हिला तिसऱ्यांदा समजावीत होतो. सोप्यावरून मावशीचा आवाज आला : "यो रे." मोती उठला, माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी मान उंचावून पाहिले तेव्हा मावशीच्या ताटातला बांगडा अर्धा संपला होता, आणि उरलेल्या अर्ध्याचे काटे ती एकेक करून काढीत होती.